वाहकाला काही होत नाही, पण किती उंचीपर्यंत? हम्प्ता खिंडीखालून परत फिरलेल्या एका तरुणाचे प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातला तरुण. वय २२, घरी साडेतीन एकर धान, पोलीस भरतीची तयारी चालू. जूनमध्ये गावातली सात मुलं आणि शाळेतले एक सर यांच्यासोबत तो हिमाचलातल्या हम्प्ता खिंडीच्या वाटेला लागला. खिंडीच्या अलीकडच्या शेवटच्या तळावर रात्री त्याच्या डाव्या बरगड्यांखाली दुखू लागलं. दुसऱ्या दिवशी बाकीची मुलं खिंड चढली आणि सर त्याला घेऊन खाली उतरले. मनालीत सोनोग्राफी झाली, नंतर कुल्लूला सीटी स्कॅन. प्लीहेचा, म्हणजे पानथरीचा, एक भाग रक्त न पोचल्यामुळे मेला होता. गावी परतल्यावर नागपूरला रक्त तपासलं तेव्हा तो सिकलसेलचा, म्हणजे लाल रक्तपेशी वाकड्या करणाऱ्या आनुवंशिक दोषाचा, वाहक निघाला. वाहक म्हणजे आईवडिलांपैकी एकाकडूनच हा दोष आलेला.

मी याच भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. परत आल्यावर तो सगळे कागद घेऊन माझ्याकडे आला. पुढचं सगळं त्याच्याकडून, सरांकडून आणि त्याच्या आईकडून ऐकलेलं आहे, आणि तिघांच्या संमतीने लिहितो आहे. गाव, नाव आणि ट्रेक नेणारी संस्था सांगत नाही. आपल्या भागातली मुलं आता हिमालयात जातात, काही हौसेने आणि काही सैन्यात किंवा सीमेवरच्या दलांत भरती होऊन. त्यांच्या तयारीत पाय, छाती, बूट, जॅकेट या सगळ्यांचा विचार होतो. रक्ताचा होत नाही. सिकलसेलच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही चूक परवडणारी नाही, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

खिंड आणि तिची वाट

हम्प्ता खिंड पीर पंजाल रांगेत सुमारे ४,२७० मीटरवर आहे. कुल्लू जिल्ह्याची हद्द तिथे संपते आणि लाहौल-स्पिती सुरू होतो. नकाशावर ती जिल्ह्यांची सीमा असली तरी तिथे उभं राहिल्यावर दोन देशांची वाटावी इतका फरक दिसतो. अलीकडे देवदार, भोजपत्र, हिरवी कुरणं. पलीकडे पावसाच्या छायेतला उघडा, करडा, कोरडा डोंगर. मी ती वाट चाललो आहे आणि मुलांना तिची ओढ का वाटते हे मला पूर्ण समजतं.

वाट साधारण अशी असते. मनाली २,०५० मीटरवर. तिथून गाडीने जोबरा, मग चालत चिका, सुमारे ३,१०० मीटर. दुसऱ्या दिवशी बालू का घेरा, ३,६०० मीटर. तिसऱ्या दिवशी खिंड चढून पलीकडे शिया गोरूला मुक्काम, तो ३,९०० मीटरच्या आसपास. चौथ्या दिवशी छत्रू, ३,३०० मीटर, आणि तिथे गाडीरस्ता. छत्रूहून अटल बोगद्यातून मनालीला परत येता येतं.

या आकड्यांत दोन गोष्टी दडलेल्या आहेत. पहिली, मनाली ते चिका एका दिवसात झोपण्याची उंची हजार मीटरने वाढते. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असं डोंगरी वैद्यकातले जाणकार सांगतात. पहिल्याच रात्री हजार मीटरची उडी घेणारं वेळापत्रक घाईचंच म्हणावं लागेल. दुसरी, बालू का घेरापर्यंत माणूस आजारी पडला तर एका दिवसात चालत उतरून गाडी गाठता येते. खिंड ओलांडली की ती सोय संपते. पलीकडचा मुक्काम बालू का घेरापेक्षा तीनशे मीटर उंच आहे आणि गाडी दुसऱ्या दिवशीच मिळते. मागे फिरायचं तर पुन्हा खिंड चढावी लागते. या प्रकरणातला सगळा निर्णय त्या हद्दीच्या अलीकडे घेतला गेला, म्हणून निभावलं.

तयारी

मुलं कच्ची नव्हती. भरतीच्या मैदानावर रोज पहाटे १,६०० मीटर धावणारी, उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची पोती वाहणारी. जाण्याआधी महिनाभर ती पेरजागडावर पाठीवर वजन घेऊन चढउतार करत होती. हा तरुण त्यांच्यात सर्वांत दमदार. रोवण्याच्या दिवसांत चिखलात दिवसभर वाकून काम करणाऱ्याला चालण्याचं काय, असं घरच्यांनाही वाटायचं.

पण ही सगळी मेहनत समुद्रसपाटीपासून दोन-अडीचशे मीटरवरची. विदर्भातलं थंड हवेचं ठिकाण चिखलदरा, तेही सुमारे ११०० मीटरवर. इथे कितीही घाम गाळला तरी विरळ हवेची सवय होत नाही. ४,२७० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साठ टक्के उरतो आणि श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. दम आणि उंचीची सवय या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. उलट दमदार मुलगा पहिले दोन दिवस सगळ्यांच्या पुढे चालतो, दुसऱ्याची सॅक उचलतो, आणि शरीराला जुळवून घ्यायला वेळच देत नाही. इथे अगदी तसंच झालं. चिकाच्या वाटेवर एका मित्राला जड जात होतं, तेव्हा याने त्याचीही सॅक छातीवर अडकवली.

पाण्याची गोष्ट मला आणखी महत्त्वाची वाटते. गाव सोडलं तेव्हा पारा ४५ अंशांवर होता. रेल्वेने दिल्ली, पुढे रात्रभर बस. गाडीत लघवीला जावं लागू नये म्हणून मुलं पाणी कमी प्यायली. डोंगरात गेल्यावर थंडी, घाम दिसत नाही, तहान लागत नाही. आपल्याकडे घाम हीच पाण्याची घंटा आहे. घाम आला की माणूस मडक्याकडे जातो. ती घंटा तिथे वाजत नाही, आणि विरळ कोरड्या हवेत जोरजोरात श्वास घेताना शरीरातलं पाणी मात्र उडत राहतं. बालू का घेराला पोचेपर्यंत दिवसभरात त्याचं लीटरभरही पाणी झालं नव्हतं.

संस्थेच्या अर्जात रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार यांचे रकाने होते. सिकलसेलचा नव्हता. डोंगराळ मुलखात बसून अर्ज तयार करणाऱ्याला तो सुचणार तरी कसा? तो रकाना आपण इथून भरून न्यायला हवा.

तळावरची रात्र आणि सकाळ

संध्याकाळी जेवणाच्या तंबूत सरांच्या लक्षात आलं की ताट तसंच आहे.

“काऊन गा, जेवला नाहीस?”

“भूक नाही सर. इथं दुखून रायलं,” त्याने डावीकडे हात ठेवला. “सॅकचा पट्टा लागला असंन.”

रात्री एकदा उलटी झाली. दुखणं डाव्या खांद्याकडे सरकलं. खोल श्वास घेतला की कळ यायची, म्हणून तो बसूनच राहिला. सोबतच्या मुलाने बाम चोळून दिला. सरांना उठवायचं नाही असं दोघांनी ठरवलं, कारण सकाळी खिंड होती.

सकाळी वाटाड्याने सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. बहुतेकांचा आकडा ऐंशीच्या घरात होता, याचाही ८४. डोकं दुखत नाही, चक्कर नाही, सरळ रेषेत नीट चालतो. उंचीचा त्रास मोजण्याच्या प्रचलित पद्धतीत डोकेदुखी हे मुख्य लक्षण आहे. ती नसेल तर उंचीचा त्रास नाही, असा निष्कर्ष निघतो. वाटाड्या अनुभवी होता आणि त्याच्या तपासणीत चूक नव्हती. त्याने शिकलेल्या आजारांपैकी हा कोणताच नव्हता. गॅस किंवा स्नायूची लचक असेल, दुखण्याची गोळी घेऊन हळूहळू चढता येईल, असं त्याला वाटलं.

मुलाचाही तोच आग्रह. “सर, गोळी घेतो अन् चढतो. पास तं समोरच आहे. तिकडून उतरलो का झालं.”

एवढ्यात सरांनी एक प्रश्न विचारला. शाळेत सिकलसेल तपासणीची शिबिरं होतात, तेव्हा मुलांच्या रांगा लावायचं, यादी करायचं काम त्यांच्याकडे असायचं. तिथे दरवर्षी ऐकलेलं वाक्य त्यांना आठवलं: ऑक्सिजन कमी पडला की या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात.

“तुमच्या घरी कोणाले सिकल आहे का?”

“मावशीच्या पोराले आहे. एसएस. त्याचे हातपाय दुखतेत.” (एसएस म्हणजे दोन्हीकडून दोष आलेला रुग्ण.)

“तुझं तपासणीचं कार्ड?”

तो गप्प राहिला. मग म्हणाला, “मायनं ठेवलं असंन.”

सरांना प्लीहेबद्दल काही माहीत नव्हतं. वाहकाला उंचीवर काय होतं हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्याकडे तीनच गोष्टी होत्या: उंचीवर आल्यावर सुरू झालेलं, रात्रभरात वाढलेलं दुखणं, घरात सिकलसेल, आणि खिंडीपलीकडे दुसऱ्या दिवसापर्यंत गाडी नाही ही माहिती. त्यावर त्यांनी ठरवलं की हा मुलगा आजच्या आज खाली जाईल आणि आपण त्याच्यासोबत जाऊ. बाकीच्यांना वाटाड्याच्या हवाली केलं, एक मदतनीस बरोबर घेतला आणि निघाले. मुलगा रडला. वर्षभर मजुरीतून पैसे साठवले होते, खिंड डोळ्यांसमोर होती.

मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. एक दिवस तळावरच थांबून वाट पाहू, असा मधला मार्गही होता आणि तो शहाणपणाचा वाटलाही असता. पण ३,६०० मीटरवर थांबणं म्हणजे ज्या हवेने दुखणं सुरू झालं त्याच हवेत थांबणं. निदान होईपर्यंत वाट पाहायची चैन डोंगरात नसते. उतरणं हा पहिला उपचार आहे आणि तो द्यायला डॉक्टर लागत नाही.

उतरताना त्याला घोट घोट पाणी पाजत राहिले, ओझं काढून घेतलं, दर थोड्या वेळाने बसवलं. दुपारनंतर जोबरा, संध्याकाळी मनाली. तिथे ऑक्सिजन, सलाईन आणि वेदनाशामक दिलं. सरांनी डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच घरातल्या सिकलसेलचं सांगितलं, त्यामुळे सोनोग्राफी करताना नजर थेट प्लीहेकडे गेली. शस्त्रक्रिया लागली नाही. चार दिवसांनी ताप आणि दुखणं उतरलं. काकांनी विमानाने आणण्याची तयारी दाखवली होती. डॉक्टरांनी रेल्वेने न्यायला सांगितलं, कारण विमानाच्या आतला दाब साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो.

प्लीहेतच का?

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं की हिमोग्लोबिन एस तयार होतं. ऑक्सिजन सुटला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि लाल पेशी वाकडी, ताठ होते. आईवडील दोघांकडून हा दोष आला तर मूल एसएस, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहकाच्या रक्तात साधारण ३५ ते ४० टक्के हिमोग्लोबिन एस असतं, बाकीचं बहुतेक चांगलं. रोजच्या जगण्यात ते पुरतं. या मुलाचा आकडा याच पट्ट्यात होता.

प्लीहेत रक्त अरुंद वाटांनी, फार सावकाश झिरपतं. तिथला ऑक्सिजन आधीच कमी आणि आम्लता जास्त. त्यात बाहेरची हवा विरळ झाली, मेहनत वाढली, पाणी कमी पडून रक्त दाटलं, की वाहकाच्याही पेशी तिथे वाकतात, वाट अडते आणि पुढचा भाग मरतो. एसएस रुग्णांपैकी अनेकांची प्लीहा लहानपणीच झिजते. वाहकाची शाबूत असते, म्हणूनच तिला हा धोका. शिवाय अनेक वाहकांच्या मूत्रपिंडांना लघवी नीट घट्ट करता येत नाही, त्यामुळे पाणी कमी प्यायलं तरी बाहेर जायचं ते जातच राहतं. धाप लागण्याआधी, ऑक्सिमीटरचा आकडा इतरांपेक्षा वेगळा दिसण्याआधी हे घडू शकतं.

हे नवं ज्ञान नाही. विमानांच्या आत हवेचा दाब नीट राखला जात नसे त्या काळापासून वाहक प्रवाशांत प्लीहेचा असा त्रास नोंदला गेला आहे. १९८५ मध्ये कोलोरॅडोच्या डॉक्टरांनी डोंगरावर गेलेल्या वाहकांची प्रकरणं प्रसिद्ध केली. आपल्या लष्करी डॉक्टरांनीही उंचीवर तैनात जवानांत ते पाहून लिहिलं आहे. हे ज्ञान उंचीवरच्या दवाखान्यांत राहिलं. सिकलसेल जिथे आहे ती आपली गावं सपाटीवर, त्यामुळे ते इथे उतरलंच नाही.

मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच केली होती. पूर्व विदर्भात आदिवासी, बौद्ध, कुणबी, तेली अशा कितीतरी समाजांत तो आहे. वाहकाला हिवतापाच्या घातक प्रकारापासून काहीसं संरक्षण मिळतं. हिवतापाच्या मुलखात हा दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो त्यामुळेच. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. कार्डं वाटली जात आहेत. ती पेटीत जातात.

पेटीतलं कार्ड

याचंही गेलं होतं. शाळेत असताना शिबिरातल्या पहिल्या चाचणीत त्याच्या रक्तात दोष दिसला, नंतर पक्की तपासणी होऊन एएस असं कार्डही मिळालं. आईने ते लुगड्यांच्या खाली ठेवलं आणि मुलाला सांगितलंच नाही. ती माझ्यासमोर बसून म्हणाली, “डॉक्टरसाहेब, कार्ड देणाऱ्या बाईनंच सांगतलं होतं का वाहकाले काही होत नाही. मंग पोराच्या मांगं ते कायले लावून घ्याचं? घरात पोरीचं लगन व्हायचं होतं.”

तिला दोष देणं मला जमत नाही. एएस हा शब्द बाहेर पडला तर मुलीकडे येणारी स्थळं कशी गळतात, हे तिने बहिणीच्या घरी पाहिलं होतं. आणि समुपदेशक बाईंनी सांगितलेलं वाक्य गावापुरतं खरंच आहे. वाहक शेती करतो, धावतो, बाळंतपणं निभावतात, म्हातारपण येतं. आम्हीच ते वाक्य घरोघरी पोचवलं, कारण वाहकांना लोक रोगी समजू लागले होते. त्याच्या शेवटी उंचीचं कलम जोडायला हवं होतं, ते कुणी जोडलं नाही. अडीचशे मीटरवर खरं असलेलं वाक्य साडेतीन हजार मीटरवर तसंच खरं राहत नाही.

लग्नाचं भय मात्र माहितीनेच कमी होईल. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. वाहक आणि निर्दोष अशा जोडप्याला एसएस मूल होत नाही. म्हणजे पत्रिकेआधी दोन्हीकडची कार्डं पाहिली तर एएस मुलीचं लग्न अडायचं काही कारणच नाही. हे मी त्या माउलीला कागदावर चौकोन काढून दाखवलं. मुलीची तपासणी आता झाली आहे. निकाल तिचा तिने ऐकला आणि कुणाला सांगायचा तेही तीच ठरवेल.

आता काय सांगायचं

वाहकांनी डोंगरात जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. बहुतेक वाहक काही त्रास न होता उंचीवर जाऊन येतात. बंदी घातली की कार्ड पुन्हा पेटीत जाईल आणि मुलगा न सांगता जाईल, हा खरा धोका आहे. एसएस रुग्णांचं वेगळं. त्यांनी उंच खिंडींच्या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्ट सांगतो. ज्याच्या प्लीहेला एकदा इजा झाली, त्या या तरुणालाही अडीच हजार मीटरच्या वर न जाण्याचा सल्ला दिला आहे. त्याने तो मानला, फार दुःखाने. पोलीस भरतीला मात्र माझी आडकाठी नाही. उन्हात सराव करताना पाणी आणि विश्रांती सांभाळायची, एवढंच.

निरोगी वाहकासाठी सल्ला साधा आहे. वेळापत्रक सैल हवं. पहिले दोन दिवस सगळ्यांच्या मागे चालायचं, दुसऱ्याचं ओझं उचलायचं नाही. तहान लागो न लागो, पाणी घड्याळ पाहून प्यायचं आणि लघवीचा रंग पाहायचा. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखलं तर ते रात्रीच सांगायचं आणि गोळी घेऊन चढायचं नाही. लघवीतून रक्त आलं तरी खाली. वाटाड्याला निघण्याआधीच कार्ड दाखवायचं. जिथे वाहक सैन्यात किंवा सीमेवरच्या दलात आहे, तिथे त्याने हे आपल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगितलं पाहिजे.

सरांनी पुढच्या जूनच्या गटासाठी नोंदणी सुरू केली आहे. अर्जासोबत सिकलसेलचा अहवाल मागतात. नसेल तर आमच्याकडे पाठवतात, आणि निकाल मुलालाच हातात देतात, पालकांच्या आधी. आतापर्यंत नाव दिलेल्यांत दोन मुली वाहक आहेत. दोघींशी आणि त्यांच्या घरच्यांशी मी बोललो. त्यांच्यासाठी म्हणून वेगळं काही न करता सगळ्या गटाचंच वेळापत्रक बदललं आहे: मनालीत दोन रात्री, चिकाला दोन, बालू का घेराला दोन. खर्च थोडा वाढला, तो सगळ्यांनी वाटून घेतला. खिंड चढायची की तिथूनच परत यायचं, हे दोघी बालू का घेराच्या दुसऱ्या सकाळी ठरवतील.